पाण्याला आलेली बाई

लॅपटॉपची बॅग माझ्याकडे द्या. मोबाइलही. आज जिथं जायचंय तिथं दोन्हींचं काम नाही.

संध्याकाळचे साडेसहा, माणचा फेज थ्री. कंपनीच्या बसगाड्या नाकाला नाक लावून उभ्या आहेत, हॉर्नवर हॉर्न चाललाय, डंपरमागे उडालेली धूळ तुमच्या घामावर बसतेय आणि मेट्रोच्या खांबाखालून भाजलेल्या कणसाचा वास येतोय. तुम्ही सुटायची वाट बघताय. सुटा मग. डोळे मिटा आणि माझा हात धरा.

आधी हॉर्न जातील. मग काचेच्या इमारती जातील, डांबर जाईल आणि पायाखाली कापणी होऊन गेलेल्या भातखाचराची तडकलेली जमीन लागेल. धसकटं टोचली ना? चप्पल काढायला लावली म्हणून रागावू नका. आता कान द्या. मगाशी होती तशीच घरघर पुन्हा येतेय. ती बसची नाही, जात्याची आहे. पहाट झालीय, माणमधल्या घराघरात दळण चाललंय आणि दळताना बाया सीता गातायत. रामापेक्षा सीताच जास्त. तिचा वनवास, तिचं एकटीनं बाळंत होणं. याच मुळशी-मावळातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढं जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या आणि तो साठा लाखाच्या वर गेला. ग्रंथातली बाई जात्याशी येऊन बसली की ती दळणारीची होते, तिच्या तोंडून बोलायला लागते. एवढं मनात ठेवून चला. आज भेटायच्यात त्या बाया दुसऱ्या एका ग्रंथातल्या आहेत, बायबलातल्या. ऐकणाऱ्या बाया मात्र जात्याशी बसणाऱ्याच.

पुण्याहून आगगाडी धरायचीय. तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक, अंगाला अंग, कुणाच्या तरी मांडीवर कोंबडी, कुणाच्या गाठोड्यातून लसणाच्या चटणीचा दरवळ. खिडकीबाहेर डोकं काढू नका. काढलंतच ना? गेला कोळशाचा कण डोळ्यात. चोळू नका, पदरानं टिपा. पदर कुठला म्हणता? बघा तरी अंगावर. तुम्ही पुरुष असलात तरी आज लुगडंच नेसावं लागणार, कारण जिथं उतरायचंय तिथं बायांचं राज्य आहे.

केडगाव. दौंडच्या अलीकडचं स्टेशन. फाल्गुनातलं ऊन सकाळी आठलाच चटका द्यायला लागलंय. साल 1910 च्या पुढंमागं कुठलंही धरा. बैलगाडीत बसा, चाकाच्या दणक्यांनी पाठ शेकून निघेल. दुतर्फा रब्बीची ज्वारी, काही उभी, काही कापून आडवी. पुढं भिंत दिसते, दार दिसतं आणि आत शिरता शिरता इतके वास एकदम येतात की पहिला कुठला हे सांगता येत नाही. चुलीचा धूर, घाण्यावरचं ताजं तेल, गोठ्यातलं शेण, भिजत घातलेल्या कपड्यांचा सोडा. हे मुक्ती सदन. पंडिता रमाबाईंचं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन रस्त्याकडेला पडलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः रमाबाईंनी कुमारवयात दुष्काळात आई, वडील, बहीण अशी माणसं गमावली होती. पोटात अन्न नसताना डोळ्यांपुढं कशी अंधारी येते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आज इथं शेकड्यांनी बाया आहेत. बालविधवा आहेत, नवऱ्यानं टाकलेल्या आहेत, अंध आहेत, कुणाच्या कडेवर पोर आहे. मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्या बोल्या एकमेकींत मिसळून गेल्यात.

उभं राहून चालायचं नाही. इथं पाहुणी म्हणून कुणी नसते. तुम्हाला थेट स्वयंपाकघरात ढकललंय. लांबच लांब चुलाणं, एकेका तव्यापाशी दोघी. भाकरी थापायच्या, उलटायच्या, आहारात उभ्या करायच्या. पहिल्या दहा भाकऱ्यांत तुमच्या मनगटावरचे केस जळतात, डोळ्यांतून पाणी वाहतं आणि शेजारची पोरगी, पीठ मळतामळता, काही न बोलता तुमची परात स्वतःकडे ओढून घेते. तुमची भाकरी कडेला फाटतेय हे तिला बघवलं नसावं. आमटी शिजतेय ती हंड्यात मावत नाही एवढी. मांसमच्छी नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी जन्मभर शाकाहारीच राहिल्या.

पण मी तुम्हाला इथवर भाकरीसाठी आणलेलं नाही. हात धुवा आणि छापखान्यात चला.

दारातच वास बदलतो. शिसं, शाई, रॉकेल. भिंतीला टेकवून तिरक्या लाकडी केसी उभ्या आहेत. प्रत्येकीत खणच खण आणि प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे. मराठीला किती खण लागतात ते मोजायला जाऊ नका. क आहे, तसा क्क आहे, क्त आहे, क्ष आहे, अर्धा क वेगळा, काने, वेलांट्या, मात्रा, रफार वेगळे. फोनवर एक बोट फिरवून जे अक्षर उमटतं, ते इथं चिमटीत धरून आणावं लागतं. आणि ते आणणाऱ्या सगळ्या बाया. केसीपुढं बाया, रूळ फिरवणाऱ्या बाया, ओले कागद दोरीवर घालणाऱ्या बाया.

तुमच्या हातात एकीनं खिळे जुळवायची स्टिक दिली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मध्य प्रांतातून आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि तिला एक अक्षर येत नव्हतं. आता तिचा हात खणांवरून फिरतो तेव्हा डोळे तिकडे नसतातच, ते समोरच्या हस्तलिखितावर असतात. बोटांची टोकं काळी झालीत, नखांतली शाई कधीच निघत नाही. ती सांगते, अक्षर आरशातलं दिसतं म्हणून घाबरायचं नाही, खाच बोटाला लागली की खिळा नीट आहे असं समजायचं. ओळ भरली की मधे पातळ पट्ट्या सारून घट्ट करायची. सैल राहिली तर…

सांडले. पुरी ओळ फरशीवर. तुमच्या पायाशी काने, मात्रा आणि जोडाक्षरांचा सडा पडलाय आणि सगळी खोली हसतेय. ओणवं व्हा, वेचा आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात टाका. शिशाचा थंडगार, तुरट वास बोटांना लागलाय. आता जेवणाआधी राखेनं हात घासल्याशिवाय कुणी तुम्हाला भाकरीला शिवू देणार नाही.

वेचून झालं? मग काय जुळवत होतात ते वाचा तरी. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. शोमरोनातली एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला येते, ती गोष्ट.

दारात कुणी आलं, जरा बाजूला व्हा. ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली, पांढरं लुगडं, कापलेले केस, करडे घारे डोळे. हातात प्रुफांची चळत. ऐकू कमी येतं, म्हणून बोलणारीच्या तोंडाकडे नीट बघतात. याच त्या. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, आधी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं मुलीला. कलकत्त्याच्या पंडितांनी ऐन विशीत त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुराणं तोंडपाठ असलेल्या या बाईनं पन्नाशीच्या उंबऱ्यावर हिब्रू आणि ग्रीक अभ्यासायला घेतल्या, कारण हातातल्या मराठी बायबलाची संस्कृतानं जड झालेली भाषा खेड्यातल्या बायांच्या डोक्यावरून जात होती. संस्कृत जिच्या रक्तात, तिनंच संस्कृताचा भार उतरवायला बसावं, हे मला त्यांच्या सगळ्या कामात फार मोठं वाटतं.

आणि हा चौथा अध्याय त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा आहे. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा लंडनजवळ फुलहॅमला त्यांनी ख्रिस्ती जोगिणींचं एक काम पाहिलं. गावानं ओवाळून टाकलेल्या बायांना तिथं मायेनं सांभाळत होते. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्या जोगिणीनं याच शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात ते लिहून ठेवलंय. तिथं ऐकलेली ती बाई तीस वर्षांनी इथं केडगावात, दुष्काळातून उचललेल्या पोरीच्या काळ्या बोटांतून, खिळा खिळा करत उभी राहतेय.

रमाबाईंनी प्रुफावर एके ठिकाणी खूण केली, कागद परत दिला, मान हलवली आणि गेल्या. त्या पोरीनं चिमट्यानं एक वेलांटी उपटली आणि दुसरी बसवली.

बारा वाजले. चला विहिरीवर.

ही जमीन रमाबाईंनी घेतली तेव्हा इथं पाण्याची बोंब होती, विहिरी खणल्यावर मुक्ती उभी राहिली. काठावर ऊन नुसतं ओततंय. दगडाला पाय लावलात तर चरकन् वर घ्याल. दोर हाताला घासतोय, पोहरा खाली आपटून भरल्याचा आवाज येतो, ओढताना खांदे निखळतात. वर आल्यावर पहिली ओंजळ तोंडावर मारा. मग सावलीला बसा, बाया टेकल्यात. छापखान्यातली पोरगी सकाळी जुळवलेलं सांगतेय. पाठच झालंय तिला, उलट्या अक्षरांतून.

सूखार गावाबाहेर याकोबाची जुनी विहीर. एक दमलेला यहुदी पुरुष तिच्यापाशी बसलाय. शोमरोनी बाई येते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नाहीत.

तुमच्या उजव्या हाताला बसलेल्या बाईचं चघळणं थांबलं, बघितलंत? तिच्या गावी विहिरीच्या कडेला घागर घेऊन तासन् तास उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, नाही तर रिकामं घरी. तिच्या घागरीतलं पाणी कुणी मागितलं, ही कल्पनाच तिच्या आयुष्यात कधी आली नव्हती. ती दोनदा विचारते, तिच्याच भांड्यातलं मागितलं का? तिच्याच? वर्गातल्या मास्तरांना या प्रसंगाचं महत्त्व समजावून सांगायला तास लागला असता. हिला एक वाक्य पुरलं.

मग वाद सुरू होतो. ती दुपारीच का आली? गोष्टीत कारण दिलेलं नाही. पण एक उतारवयाची बाई, जिचे केस आता वाढून खांद्यावर आलेत, म्हणते की दुपारी पाण्याला कोण येतं ते आम्हाला विचारा. सकाळी माझं तोंड दिसलं की पाणवठ्यावरच्या सवाष्णी मागं फिरायच्या. मी उन्हातच जायची. आणि पाच नवरे होते तिला, असं धाकटी एक हळूच म्हणते. त्यावर तीच बाई उसळते. कुणी दिली होती तिला पाचदा? मेले असतील, टाकली असेल, तिला कुणी विचारलं होतं का?

हे मी तुम्हाला मुद्दाम ऐकवायला आणलं. चर्चमधल्या कितीतरी प्रवचनांत ही बाई पापिणीचा नमुना म्हणून उभी केली जाते. आठव्या वर्षी लग्न आणि नवव्या वर्षी वैधव्य सोसलेल्या बायांनी तीच गोष्ट ऐकली आणि त्यांना आधी तिच्यावर लादलेलं दिसलं. पुस्तक तेच, कान वेगळे. मला विचाराल तर त्यांचं ऐकणं मूळ गोष्टीच्या जास्त जवळ आहे. कारण त्या गोष्टीत ती बाई खाली मान घालून उभी नाहीच. ती हुज्जत घालते. तो पाणी देऊ म्हणतो तेव्हा, पोहरा नाही, दोर नाही, विहीर खोल, तू मला पाणी देणार कशानं, असं तोंडावर विचारते. देव डोंगरावर भजायचा की यरुशलेमेत, हा त्या काळचा जळता धर्मवाद ती काढते आणि समोरचा तिला तितक्याच गंभीरपणे उत्तर देतो. त्या पुरुषाचे शिष्य परत येतात तेव्हा त्यांनाच नवल वाटतं की हा बाईशी काय बोलतोय.

शेवटी ती घागर तिथंच टाकून गावात पळते.

इथं मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. घागर टाकून? भरलेली की रिकामी? घागर हरवली, पोचा आला तर घरी काय होतं ते यांना माहीत आहे. एकीच्या कपाळावर अजून व्रण आहे त्याचा. चार दिवस जेवण बंद झालं असतं, ती म्हणते. म्हणजे केवढं मोठं काही झालं असणार, की बाईला घागरीचं भान राहू नये! आणि गावानं तिचं ऐकलं. उन्हात तोंड चुकवणारीच्या शब्दावर गाव विहिरीकडे निघालं. पुरुषांची पंचायत भरली नाही, कुणी पाटील बोलला नाही. पाण्याला आलेल्या बाईनं गाव हलवलं.

उठा, पोहरा तुमच्या हातात आलाय, पुढचे चार तुम्ही ओढायचे.

उन्हं कलल्यावर शेतात. ज्वारीची कापणी चाललीय. पानांच्या कडा पोटऱ्यांना कापतात, मानेत कूस जाते, खाजवू नका, वाढते. पुढं कापणाऱ्या, मागं पेंढ्या बांधणाऱ्या आणि त्यांच्याही मागं तुम्ही, सरवा वेचायला. राहिलेलं, गळलेलं, ढेकळाआड लपलेलं कणीस. पंधरा मिनिटांत कंबर धरते. आता तुम्हाला रूथ नीट कळेल.

तीही दुष्काळातून सुरू होते. बेथलेहेमात अन्न संपलं म्हणून नामी नवऱ्यामुलांसह मवाबात गेली आणि तिथं नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. उरल्या तीन विधवा. एक सून माहेरी परतली. रूथ परतली नाही. सासूच्या गावी परकी म्हणून आली आणि जवाच्या हंगामात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला उभी राहिली.

तुमच्या शेजारची छापखान्यातलीच पोरगी आहे, संध्याकाळी सगळ्यांना शेतात यावं लागतं. ती वाकल्या वाकल्या म्हणते, आमच्याकडे दुष्काळात सरवाही नव्हता. कणीसच नाही तर सांडणार काय?

शेतमालक बवाज रूथला जेवायला बसवतो, हुरडा देतो. ती पोटभर खाते आणि उरलेला पदरात बांधून सासूसाठी घरी नेते. बायबलात राजे आहेत, लढाया आहेत, समुद्र दुभंगतो. मला मात्र ही पदरातली हुरड्याची मूठ त्या सगळ्यापुढं ठेवावीशी वाटते. संध्याकाळी ती वेचलेलं काठीनं झोडपते, वीस-बावीस लिटर धान्य भरतं, ते डोक्यावर घेऊन घरी जाते. त्या पोरीला विचारा हुरड्याबद्दल. ती सांगेल, इथं आल्यावर कितीतरी दिवस ती जेवणातला तुकडा उशाखाली दडवून ठेवायची. कुणासाठी? आईसाठी. आई वाटेतच गेली होती, हे ठाऊक असूनही.

पुढची गोष्ट बाया एकमेकींकडे बघत सांगतात. सासू आणि सून दोघी मिळून बेत करतात. रूथ रात्री खळ्यावर जाते, बवाजाच्या पायाशी निजते आणि तो दचकून उठल्यावर स्वतःच्या तोंडानं लग्नाचं विचारते. विधवेचं लग्न सासू ठरवते! तिच्या पोटी ओबेद होतो आणि दावीद राजा त्याचा नातू. केडगावात ही गोष्ट हवेतली वाटत नाही. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथं पहिल्यांदा आलेली बालविधवा गोदूबाई हिनं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. पुढं ‘बाया कर्वे’ म्हणून ती ओळखली गेली. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांना त्यापायी वाळीत टाकलं. बेथलेहेमच्या बाया तरी नामीभोवती जमून आनंद करत होत्या.

अंधार पडला. हातपाय धुवून घ्या, पोटऱ्यांवरचे ओरखडे झोंबतील. जेवणं झाली, कंदील लागले. अंध बायांच्या खोलीवरून जाताना थांबा जरा. मनोरमाबाईंनी, रमाबाईंच्या लेकीनं, ब्रेल शिकून घेऊन इथं आणली. बोटं उठावाच्या ठिपक्यांवरून सरकतायत आणि ओठ हलतायत. या खोलीत कंदील नाही, लागतच नाही. वाचन मात्र सगळ्यांच्या आधी सुरू होतं.

पलीकडे बाळंतिणीपाशी सुईण बसलीय, पाटीत शेक आहे, ओवा जळल्याचा वास. तिला आवडणारी गोष्ट एकच. मिसरच्या राजानं इब्री बायांचे मुलगे जन्मताच मारायचा हुकूम दिला, तेव्हा शिप्रा आणि पुवा या दोन सुईणींनी तो पाळला नाही. राजानं जाब विचारला तर म्हणाल्या, त्या बायका काटक, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. सुईण इथं मांडीवर थाप मारून हसते. धंद्यातली थाप धंद्यातलीच ओळखते. आणि एक बघा. त्या गोष्टीत राजाचं नाव कुठं दिलेलं नाही, तो नुसता फारो. सुईणींची नावं दिलीत. पुढं मोशेला वाचवायलाही बायाच. टोपलीला डांबर लावणारी आई, नदीकाठी लव्हाळ्यात उभी राहून पाळत ठेवणारी बहीण, बापाचा हुकूम मोडून मूल उचलणारी राजकन्या. बहीण पुढं होऊन राजकन्येला विचारते, दूध पाजायला बाई आणू? आणि मुलाच्या आईलाच घेऊन येते. पगारावर! सुईण ही ओळ दोनदा सांगते.

एस्तेर राणी, न्यायनिवाडा करणारी दबोरा, यांच्याही गोष्टी इथं वाचतात. पण विहीर, शेत, बाजेची खोली यांतल्या बाया इथल्या बायांच्या जास्त तोंडी आहेत. सत्ता हातात नसताना, जे काम हातात आहे त्याच कामातून या बायांनी गोष्ट वळवली. दळण-पाण्यात आयुष्य गेलेलीला ती वाट दिसते, राजवाड्याची दिसत नाही.

आता दहा-बारा वर्षं पुढं उडी मारायचीय. हात सोडू नका.

तोच छापखाना, तोच रॉकेलचा वास. जुळवणाऱ्या त्याच, केसांत पांढरं डोकावायला लागलेलं. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, आईच्या आधी. रमाबाई खचल्या, तरी प्रुफं येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या. मुक्तीत सांगतात की शेवटचं प्रूफ हातावेगळं झालं आणि मग त्यांनी डोळे मिटले. 5 एप्रिल 1922. त्या दिवशी खोलीत कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिळे हलायला लागले. सबंध बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. मूळ भाषांतून भाषांतर एका बाईनं केलेलं, जुळवलेलं आणि छापलेलं इथल्या बायांनी. लक्ष्मीबाई टिळकांनीही पतीच्या मागं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं ते महाकाव्य पुरं केलं. मराठी ग्रंथांच्या इतिहासात या दोघींना शेजारी बसवून कुणी फारसं वाचत नाही. वाचायला हवं.

तुम्हाला इकडं बोलावतायत. बांधणीच्या टेबलापाशी चला. छापलेल्या फर्म्यांची थप्पी तुमच्या छातीइतकी उंच आहे. शाई अजून किंचित चिकटते, अंगठ्याला लागली तर पुढच्या पानावर तुमचा ठसा उठेल, जपून. हाडाची पट्टी घ्या, कडेला कड जुळवा, घडी दाबा. पान नंबर पानावर बसला पाहिजे. नाही बसला. समोरची बाई, तीच मध्य प्रांतातली, तुमची घडी उलगडून उजेडाकडे धरते. योहान, चौथा अध्याय, ओळी तिरक्या गेल्यात. ती कागद परत तुमच्या पुढ्यात टाकते आणि म्हणते, ‘पुन्हा घाला. आणि बोटं पुसा आधी.’ तिच्या मागं दुसरी थप्पी घेऊन दोघी आल्यात, टेबलावर जागा मागतायत. सरका जरा, त्यांनाही बसू द्या.